वेगळा विस्तव

रुक्मिणीआतेने ते विळीवर तिसऱ्यांच्या शिंपल्या उघडता उघडता सांगितलं. सांगितलं म्हणजे तरी काय, सुविधाचं एक वाक्य दुरुस्त केलं, आणि तेही मान वर न करता. चोपड्याच्या घराच्या सोप्यावर रविवारची सकाळ होती, समोर शापोरा नदीला ओहोटी लागली होती, आणि सुविधा कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून आपल्या पुस्तकाची प्रस्तावना मोठ्याने वाचून दाखवत होती. आतेचं वय चौऱ्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी, आणि पुस्तक पंधराव्या शतकातल्या जपानी डोंगरी साधूंवर. पण आई-वडील दोघंही गेल्यावर घरातलं म्हणून वाचून दाखवावं असं दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि पुस्तक बुधवारी छापायला जायचं होतं. पहिलंच वाक्य होतं: ‘मी सहा वर्षांची असताना माझे वडील धगधगत्या निखाऱ्यांवरून चालत गेले आणि मी ते पाहिलं.’ त्याच्या पुढचं: ‘त्या वर्षी ते इतर धोंडांपासूनही दूर, एका काजूच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून एकटे राहिले होते.’ इथे ती जरा थांबली, कारण हे वाक्य तिचं फार लाडकं होतं. आतेने एक शिंपली टोपात टाकली.

"काजीखाली रवलो तें वर्स?" आते म्हणाली. "त्या वर्सा खंय गेलो दत्ताराम होमखणात? सुतक न्हय आमका."

सुविधाला आधी वाटलं, म्हातारीचा वर्षांचा घोळ होतोय. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला तिचा बाप, दत्ताराम गावस, गेला नाही असं कधी झालं होतं? तो देवीचा धोंड होता. धोंड म्हणजे व्रत घेतलेला भक्त. कोणी पाच दिवस, कोणी महिनाभर घर सोडून राहतो, तळीत नाहतो, स्वतः शिजवलेलं खातो, कोणाला शिवत नाही, आणि जत्रेच्या पहाटे हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी घेऊन होमखणातून, म्हणजे त्या निखाऱ्यांच्या राशीतून, अनवाणी पार होतो. हे सगळं सुविधाने पंचवीस वर्षं पुण्याच्या वर्गात, क्योटोच्या सभागृहात, कुठे कुठे सांगितलं होतं. तिने विचारलं, कोणाचं सुतक? तेव्हा मात्र आतेने विळीवरचा हात थांबवला आणि वर पाहिलं.

"तुका खबर ना?" तिने विचारलं. मग पदराने हात पुसले, जे ती तिसऱ्या संपल्याशिवाय कधी करत नसे. "तुज्या आवयक जाल्लें तें. आठव्या म्हयन्यात. एक रात रवलें आनी गेलें. जत्रेक आठ दिस आसले." आणि थोड्या वेळाने, जणू आपलीच चूक झाली असावी अशा आवाजात, "माका दिसलें, तुका आवयन सांगलां आसतलें."

आईने सांगितलं नव्हतं. आईला वाटलं असेल वडील सांगतील, वडिलांना वाटलं असेल मोठी झाल्यावर आई सांगेल, आणि आतेला वाटलं दोघांपैकी कोणीतरी सांगून मोकळं झालं असेल. अशा रीतीने एक आख्खं बाळ अठ्ठेचाळीस वर्षं सगळ्यांच्या समजुतीवर राहून गेलं होतं.  सुविधाने आणलेले उंडे पाव आतेच्या सुनेकडे दिले, चहा अर्धा टाकून उठली, आणि प्रस्तावनेचं पुढचं पान वाचायचं राहिलंय याची दोघींपैकी कोणीच आठवण काढली नाही.

गाडी शिवोलीच्या पुलावर आली तेव्हा तिला राग आलेला होता, हे तिने स्वतःशी कबूल केलं. दुःख व्हायला हवं होतं, ते होईल तेव्हा होईल. आत्ता राग होता, आणि तो नेमका कोणावर हे ठरत नव्हतं. डिचोलीला तिचा फ्लॅट होता, पुण्याची नोकरी सोडून ती तिथे येऊन चार वर्षं झाली होती, ती केवळ हे पुस्तक मराठीत लिहून पुरं करायला. मराठीत कशाला, असं लोक विचारत. मध्ययुगीन जपानचे डोंगर, त्यांत राहणारे यामाबुशी नावाचे साधू, त्यांचे होम, त्यांचे विटाळ, हे डिचोलीच्या बाजारात कोण वाचणार? सुविधा म्हणायची, मी वाचीन. तिचं म्हणणं साधं होतं. जपानीत ज्याला गोमा म्हणतात तो आपला होमच, चीनमधून फिरत फिरत तिकडे गेलेला, आणि शिरगावच्या माणसाला होमखण समजावून सांगावं लागत नाही. मग ज्याला समजावावं लागत नाही त्याच्याच भाषेत का लिहू नये? या हट्टाने तिने चार वर्षं दिवसाला एक पान या हिशेबाने लिहिलं होतं. आणि या हट्टाच्या मुळाशी ती सहा वर्षांची मुलगी होती, वडिलांच्या बोटाला धरून नाही, कारण वडिलांना शिवायचं नव्हतं, तर चार हात दूर उभी राहून बघणारी.

ती चूल तिला स्वच्छ आठवत होती. तीन काळे दगड, वर लहानसं मडकं, काजूच्या वाळक्या पानांचा धूर. बाकीचे धोंड तळीकाठच्या मांडवात हसत-बोलत असत, आणि बाबा मात्र तिथून उठून ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्या झाडाखाली एकटेच येऊन राहिले होते. तिने एकदा मोगऱ्याची माळ नेऊन दाखवली होती. "शिवू नको माका," बाबा म्हणाले होते, आणि ती माळ दगडावर ठेवून मागे सरली होती, आणि तिच्या छातीत अभिमान दाटला होता की आपले बाबा सगळ्यांहून कडक व्रत करतात, धोंडांतले धोंड आहेत. त्या अभिमानावर ती क्योटोपर्यंत गेली होती. शिवू नको. सोवळ्यातला माणूसही हेच म्हणतो आणि सुतकातलाही हेच म्हणतो. दोघंही वेगळे राहतात, वेगळ्या विस्तवावर शिजवतात, दोघांच्याही अंगावरून लोक बेताने जातात. चार हातांवरून बघणाऱ्या पोरीला काय कळणार होतं, असं ती म्हापशाच्या गर्दीत गियर बदलताना म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जत्रा होऊन गेल्यावरही बाबा दोन दिवस त्या झाडाखालीच होते. हेही तिला आठवत होतं. नेहमी आठवत होतं. बाकीचे धोंड आपापल्या घरी गेले, मांडव उतरवले गेले, आणि बाबांच्या चुलीचा धूर मात्र निघतच होता. आगीतून जाण्यासाठी व्रत होतं तर आगीनंतर कशाला? मोठेपणी तिने यालाही उत्तर शोधून ठेवलं होतं. उत्तरं शोधण्यात ती पहिल्यापासून हुशार.

अस्नोड्याच्या अलीकडे तिने गाडी बाजूला घेतली. आता जे डोक्यात आलं होतं ते चालत्या गाडीत येऊ देण्यासारखं नव्हतं. पुस्तकाचं चौथं प्रकरण. त्या प्रकरणासाठीच तर पुस्तक होतं. एका लहानशा डोंगरी मठातल्या कोणा अनाम साधूची रोजनिशी, एक्केचाळीस पानं, घसरत्या घाईच्या अक्षरातली. क्योटोच्या ग्रंथालयात बसून तिने एका हिवाळ्यात ती वाचली, म्हणजे एकेका ओळीशी झगडून सोडवली. पाऊस पडला, तांदूळ आला, छपराची दुरुस्ती, असलंच सगळं. पण तिसऱ्या महिन्यात तो लिहितो की मी धबधब्याजवळच्या खोपीत राहायला गेलो, वेगळ्या विस्तवावर शिजवलं, कोणाच्या हातचं घेतलं नाही. असे तीस दिवस. मध्ये एकोणिसाव्या दिवशी मठाचा मोठा होम झाला, निखारे पसरले, आणि त्यावरून कोण कोण पार झालं त्यांची नावं त्याने लिहिली आहेत. अकरा नावं. मठात माणसं होती बारा. सुविधाने लिहिलं होतं की बारावा तो स्वतः, लिहिणाऱ्याने नम्रतेने आपलं नाव गाळलं. आणि होमानंतरही तो अकरा दिवस खोपीतच का राहिला, एकतिसाव्या दिवशी का नाहला, यावर तिने अर्धं पान खर्च केलं होतं. व्रताची सांगता म्हणून, शिरगावचे काही धोंडही असंच करतात, असा दाखला देऊन. दाखला एकाच धोंडाचा होता.

तिला त्या काळचा नियम ठाऊक नव्हता असं नाही, हे तर फार वाईट होतं. घरात माणूस मेलं की तीस दिवस विटाळ. त्या डोंगरांवर बुद्धाबरोबर देवही नांदत होते आणि देवांना मरणाचा वास चालत नसे. विटाळलेल्याने होमाच्या जागी फिरकायचं नाही, इतरांच्या चुलीवरचं घ्यायचं नाही. हे ती विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात शिकवायची. फळ्यावर तीसचा आकडा काढून त्याला गोल करायची. तोच आकडा रोजनिशीत समोर उभा होता आणि तिला दिसलं ते व्रत. जगात या विषयावर काम करणारे पन्नास-साठ लोक असतील. त्यांपैकी कोणाही जपान्याच्या, अमेरिकनाच्या हातून ही चूक झाली नसती. ही चूक करायला शिरगावची पोर असावी लागते, धोंडाची लेक असावी लागते. इतरांनी मात्र विश्वास ठेवला. आगीपूर्वीच्या एकांतव्रताचं सगळ्यांत जुनं वर्णन म्हणून ती रोजनिशी आता दोन-चार पुस्तकांत तिच्या नावानिशी गेली होती. क्योटोत व्याख्यान संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. गाडीच्या काचेवर लाल धूळ बसली होती. तिने वायपर चालवला, पाणी मारलं नाही, आणि धूळ सगळीकडे सारखी पसरली.

मग पेटी आठवली. आधी रोजनिशीतली. खोपीत जाण्याच्या आदल्या दिवशीची ओळ: ‘सकाळी पाऊस. लहान पेटी खाली नेली.’ तिने त्यावर टीप दिली होती, चौथ्या प्रकरणातली सत्ताविसावी, की ही बहुधा पोथ्यांची पेटी असावी. आणि त्या पेटीच्या मागून दुसरी पेटी आली, मानकुराद आंब्यांची, फळ्यांची, वर जुनं लुगडं टाकलेली. ती खांद्यावर घेऊन बाबा सकाळी ओढ्याकडे चालले होते आणि ती मागे धावली होती, आंबा दी म्हणून रडत. आते, तेव्हा तिशीतली, बाळंतपणाला म्हणून आलेली असणार, तिने धावत येऊन तिला मागून उचललं होतं आणि इतकं घट्ट धरलं होतं की दंडावर बोटं उमटली. आंबे देवीचे, असं कोणीतरी सांगितलं. का तिने स्वतःच ठरवलं? त्या वर्षी घरात मानकुराद आला नाही, हेही आता आठवत होतं, आणि त्यावरून आपण किती दिवस तोंड फुगवून होतो तेही. अस्नोड्याच्या त्या रस्त्याकडेला, चोपन्न वर्षांची ती बाई, मागून हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाड्यांना दाद न देता स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. मग तोंड पुसून घरी गेली आणि चौथं प्रकरण उघडून बसली.

संध्याकाळी तिने पुण्याला पल्लवीला फोन केला. पल्लवी प्रकाशनाची संपादक, वयाने पस्तीस, कामाला वाघ. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की वडील त्यानंतर कधी आगीतून गेले होते का? गेले होते, दरवर्षी. सुविधाने ते पाहिलं होतं का? पाहिलं होतं, पुढच्याच वर्षी, नक्की. जे चित्र तिच्या डोळ्यांत होतं ते खरंच होतं, फक्त ते एक वर्ष मागे सरकून त्या काजूच्या झाडाला जाऊन चिकटलं होतं.

"मग ताई, सहाच्या जागी सात करा," पल्लवी म्हणाली. "प्रस्तावना खरी होईल. चौथ्या प्रकरणाचं दुसऱ्या आवृत्तीत बघू."

पंधराव्या शतकातल्या जपानी साधूंवरच्या मराठी पुस्तकाची दुसरी आवृत्ती, हे ऐकून सुविधाला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं, आणि पलीकडे पल्लवीलाही आलं. पण पल्लवी बोलली ते खोटं नव्हतं. एक आकडा बदलला की झालं. ती रोजनिशी मराठीत कोण पडताळणार, आणि जपानमध्ये हे पुस्तक कोण वाचणार? चार वर्षं, दिवसाला एक पान, आणि त्या आधीची पंचवीस. सुविधाने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली की मला बुधवार नको, त्याच्या पुढचा सोमवार दे. चौथं प्रकरण मी नव्याने लिहिते. पल्लवी म्हणाली, त्यात पुस्तकाचा कणाच जाईल. जाऊ दे, सुविधा म्हणाली, तो कणा माझा होता, त्या माणसाचा नव्हता. एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले, कारण धैर्याचं बोलणं सोपं असतं आणि आठ दिवसांत चाळीस पानं लिहायची म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने चाळीस पानं पाडली. मजुरांसारखं, सकाळी सातला बसून, एक पान उलटं ठेवून दुसरं घेऊन. रोजनिशीचे फोटो पुन्हा टेबलावर पसरले, आणि या खेपेला तिने स्वतःला एक नियम घालून घेतला: शिरगाव बाजूला ठेवायचं. जे लिहिलंय तेवढंच वाचायचं. खोपीत गेला. वेगळ्या विस्तवावर शिजवलं. अकरा नावं. एकतिसाव्या दिवशी नाहला. त्यानंतर छपराची दुरुस्ती, तांदूळ आला, पाऊस पडला. आता तिला असं वाटू लागलं की हा माणूस काहीच न बोलता फार मोठ्याने बोलतो आहे, आणि इतकी वर्षं आपण त्याला बोलू दिलं नाही, त्याच्या तोंडी आपल्या बापाची कौतुकं घातली. एकोणिसाव्या दिवशी तो कुठे उभा होता? निखारे पसरताना दिसले तर असणारच, नाहीतर नावं कशी लिहिली? म्हणजे लांबून उभा राहून त्याने अकरा जण मोजले. दत्ताराम गावस कुठे उभा होता त्या पहाटे? ओढ्याच्या वरच्या अंगाने होमखणाचा उजेड दिसत असेल, ढोल ऐकू येत असतील. झाडाखाली बसलेल्या त्या माणसाकडे त्या वेळी कोणी बघत नव्हतं, त्याची पोरही नाही. पोर घरी आतेच्या कुशीत झोपलेली असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती उठून चेहरा धुवायची आणि परत बसायची. रडून झालं की मग लिहू, असं तिने एकदाही केलं नाही.

मधेच एकदा तिला मुरासे सर आठवले, क्योटोतले तिचे शिक्षक, हडकुळे, थंडीत नाक लाल होणारे. ती पेटीची ओळ तिने पहिल्यांदा मोठ्याने वाचली तेव्हा त्यांनी विचारलं होतं की पेटी किती जणांनी नेली. ती म्हणाली होती, क्रियापदावरून तरी एकट्याने. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, पोथ्या जड असतात. तिला वाटलं होतं, सर जेवणाच्या सुट्टीची वाट बघतायत. त्याच वर्षी तिथल्या एका टेकडीवरच्या होमात, साधू पार झाल्यावर सामान्य माणसांनाही जाऊ देतात तिथे, ती स्वतः अनवाणी निखाऱ्यांवरून गेली होती. तळव्यांना नुसती ऊब लागली, राख मऊ होती. तिने आनंदाने बाबांना फोन केला होता. बाबांनी ऐकून एवढंच विचारलं, "सुतक-बितक काय ना मगे?" ती हसली होती. म्हणाली होती, इथे माझं कोण मरायला बसलंय. आंतरराष्ट्रीय फोन म्हणून तिने तो लवकर ठेवला.

पाचव्या दिवशी तिने आतेला फोन करून पेटीचं विचारलं. आतेने हो म्हटलं. मानकुरादाचीच. दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि कपड्यात गुंडाळून नुसतं हातावर नेणं दत्तारामाच्याने होईना. कुठे ठेवलं, असं सुविधाने विचारलं. तिला पुरलं हा शब्द तोंडातून काढता आला नाही. त्याच काजीखाली, आते म्हणाली. म्हणून तर तो तिथे जाऊन बसला. मांडवातून उठावं तर लागलंच होतं, घरी यायचं तर घरी यावं ना सरळ. पण नाही, दहा दिवस तिथेच.

"आता ती जागा खंय?" सुविधाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"खणीत गेली," आते म्हणाली. "खण आयली न्हय मागीर."

लोखंडाच्या मातीची खाण आली आणि तो सगळा उतार, ओढ्यासकट, खाली गेला. तिथे आता हिरवं पाणी साचलेलं मोठं खोल डबकं आहे, रस्त्यावरून दिसतं. बाबा तेव्हा मालाचा ट्रक चालवायचे, पण घराच्या दारात खाण असताना ते रोज सुर्ल्याच्या खाणीवर जात, दोन तास येण्याजाण्यात घालवून. दारातला माल का उचलत नाहीस असं सगळे विचारत, चेष्टा करत, आईसुद्धा. ते म्हणत, सुर्ल्याचा मुकादम बरा. सुविधानेही ही गोष्ट पुण्यात मित्रमंडळींत कितीदा रंगवून सांगितली होती, विक्षिप्त बापाची म्हणून.

शनिवारी चाळीस पानं झाली आणि राहिली सत्ताविसावी टीप. तिथे मात्र ती अडली, आणि जिथे अडली तिथे तिला स्वतःची खरी भीती वाटली. कारण आता तिला ठाऊक होतं त्या पेटीत काय होतं. ठाऊक म्हणजे शपथेवर. त्या डोंगरावरच्या साधूंना बायका-मुलं असत, पेटी लहान होती, एकट्याने नेली, दुसऱ्या दिवसापासून तीस दिवस विटाळ. तिने लिहिलंही: ‘ही लहान मुलाची शवपेटी होय.’ वाक्य सुंदर होतं. त्या वाक्याने पुस्तकाला नवा कणा मिळत होता, पहिल्याहून चांगला. वाचणारा तिथे रडला असता. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली डिचोलीच्या बाजारात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंप पोंप करत चालला होता. पहिल्यांदा मी त्याच्या पेटीत माझ्या बापाचं व्रत घातलं, तिने स्वतःशी म्हटलं, आता माझं भावंड घालतेय. पेटी त्याची आहे. कोणी म्हातारी आई असेल तिच्या अस्थी असतील, कोणी शिष्य असेल. तो सांगत नाही. न सांगण्याचा त्याला हक्क आहे. माझ्या बापालाही होता. तिने परत येऊन वाक्य खोडलं. ते खोडताना तिला जेवढा त्रास झाला तेवढा चाळीस पानं टाकून देतानाही झाला नव्हता.

रविवारी ती पुन्हा चोपड्याला गेली. आज भरती होती, तिसऱ्या नव्हत्या. आते नुसतीच बसली होती, हातांना काम नाही म्हणून अस्वस्थ. सुविधाने प्रस्तावना वाचली. ‘मी सहा वर्षांची असताना, एका वर्षी, माझे वडील होमखणातून गेले नाहीत. ते का गेले नाहीत हे मला अठ्ठेचाळीस वर्षांनी कळलं, आणि ज्या माणसाच्या रोजनिशीवर मी आयुष्य घालवलं तोही गेला नव्हता, हे त्यानंतर कळलं.’ आते ऐकत राहिली. चूल, काजूचं झाड, शिवू नको, हे सगळं तसंच होतं, फक्त अभिमान काढून टाकला होता. मग तिने आतेला त्या जपानी भटाची, आते त्याला भटच म्हणायची, गोष्ट आपल्या बोलीत सांगितली: खोपी, वेगळा विस्तव, अकरा जण, आणि पेटी. शेवटी ती टीप वाचली. ‘पेटीत काय होते, हे लिहिणाऱ्याने लिहिलेले नाही. ती त्याने एकट्याने खाली नेली, एवढेच त्याने लिहिले आहे.’

आतेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"झील काय चेडूं गो तेचें?" तिने विचारलं. मुलगा की मुलगी, एवढंच तिला हवं होतं.

"बरोवंक ना तेणे, आते," सुविधा म्हणाली.

आते नदीकडे बघत बसली. पलीकडच्या काठाला एक होडी लागत होती, माणूस उतरून दोर ओढत होता. त्याने तो बांधला.

"आमचो झील," ती म्हणाली.

सुविधाने मान हलवली. टिपेत तिने काही वाढवलं नाही. तिथेच कदेलीवर बसून तिने पानं पल्लवीला पाठवून दिली, आणि मग आतेच्या जवळ खाली जमिनीवर सरकून, तिच्या अंगाला अंग लावून बसली.